मृणालचा दुष्काळ मी सारवला

बंगळुरातल्या सगळ्या बसवनगुडीला कळलंच आहे, तर तुमच्यापासून तरी काय लपवू? माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात बऱ्यापैकी नोकरी करणाऱ्या आमच्या प्रसादने एक पुण्याची मुलगी पसंत केली. मृणाल. चित्रकार म्हणे. आता चित्रकाराने रंग आणावेत की नाही? ही बया आणते शेण, माती, नाचणीचा पेंढा. आणि म्हणते, मी निसर्ग दाखवते. अहो, असला निसर्ग मी आमच्या गोठ्यातून रोज घमेल्याने उपसायचे!

पण लेक हट्टाला पेटलेला. आणि घरात होकार-नकार मोठ्या जाऊबाईंचा, म्हणजे अक्कांचा. त्या बेळगावहून मुलगी बघायला येणार, तेही थेट तिच्या प्रदर्शनात. प्रसाद त्यांना आणायला यशवंतपूर स्टेशनवर गेला, मृणाल कपडे बदलायला खोलीवर. मी आपली आधीच जाऊन बसले.

हॉलच्या मधोमध शेणामातीने सारवलेली जमीन. आणि सारवण काय ते? बोटं जातील एवढ्या भेगा. अक्का हे बघणार आणि म्हणणार, हिला साधं सारवता येत नाही, संसार काय करणार?

बाहेर रस्त्यावर गाय होतीच. वॉचमनची बादली घेतली, पदर खोचला.

"अम्मा, मुट्टबेडी," तो म्हणाला. हात लावू नका म्हणे.

"स्वल्प गप्प बस अण्णा. तुला काय कळतंय त्यातलं?"

असं सारवलं म्हणून सांगू, एक भेग शिल्लक ठेवली नाही.

मृणाल आली आणि दारातच मटकन बसली. "मावशी, तो दुष्काळ होता. सगळा उन्हाळा वाळवत होते मी."

आता बोला. मी सॉरी म्हणणार तोच अक्का आत आल्या. जमिनीभोवती एक चक्कर मारली, चष्मा सरळ केला.

"हे असलं तर आमची मोलकरीणही सारवते. ह्यात कला कुठली?"

मृणालचे डोळे भरून आले. प्रसादचा चेहरा उतरला. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"अक्का, नीट बघा ना. दुष्काळ आहे तो. पाऊस पडून गेल्यानंतरचा. भेगा आतल्या आत आहेत. धरणीचं दुःख वरून दिसतं का कधी?"

प्रदर्शन बघायला आलेले चार दाढीवाले लगेच जवळ येऊन माना डोलवायला लागले. मला तर चेवच आला. हात हलवून हलवून नाचणीचा पेंढासुद्धा समजावून सांगितला. हाताला शेण तसंच.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग मृणाल उठली, माझे हात पुसले, मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

अक्का प्रसादला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उडवून टाक लग्नाचा बार. तुझ्या आईला सांभाळायला घरात कोणीतरी हवंच आहे."