अंगणासमोर उभ्या केलेल्या दोन गाड्या

माझ्याकडे लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी आहे आणि ऑफिसातल्या माझ्या मित्राकडे तशीच निवृत्त झालेली जोंगा, म्हणजे लष्कराची जुनी अवजड जीप. चढाला कोणती भारी, यावर डबा खाताना आमचं कायम वाजायचं. शेवटी पाऊस ओसरल्यावर एका रविवारी सकाळी महाळुंग्याहून निघालो, पिरंगुटला मिसळ खाल्ली आणि मुठा खोऱ्यात शिरलो. तिथल्या एका गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात जाणारी एक कच्ची वाट आहे, असं ऐकलं होतं.

दोन्ही गाड्यांचा लष्करी हिरवा रंग आम्ही हौसेने तसाच ठेवला होता. त्या दिवशी मित्राने जवानांसारखी चट्ट्यापट्ट्यांची पँटही घातली होती. माझ्या डोक्यावर तसलीच टोपी.

पहिल्या चढावर गाड्यांची अदलाबदल केली. जिप्सी हलकी. लो गिअरला टाकली की बकरीसारखी या दगडावरून त्या दगडावर जाते, पण आतल्या माणसाची हाडं खिळखिळी करते. जोंगाचं स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात, वळायला अख्खं वावर लागतं. पण चाकांनी एकदा माती धरली की ती रेड्यासारखी मान खाली घालून, घाई न करता वर जाते. मी मनातून हरलो होतो. बोललो मात्र नाही.

पुढे वाटेला दोन फाटे फुटले. तिथे एकच घर होतं. विचारावं म्हणून आम्ही अंगणासमोर दोन्ही गाड्या एकामागे एक उभ्या केल्या. साठीच्या एक बाई अंगण सारवत होत्या. वडीलधारं माणूस म्हणून मी टोपी काढून हातात घेतली आणि पुढे गेलो.

त्या उठून उभ्या राहिल्या. शेणाचे हात अंगापासून लांब धरलेले. आधी गाड्यांकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या टोपीकडे.

"सांगा," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. "मावशी, वर जायची वाट कोणती?"

ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. "सरळ सांगा. कुटं हाय माझा ल्योक?"

आणि त्या ओल्या सारवणातच खाली बसल्या.

मित्राच्या माझ्याआधी लक्षात आलं. तो धावत आला. "मावशी, आम्ही मिलिटरीतले नाही. काही झालेलं नाही. आम्ही आपले मजा म्हणून गाड्या फिरवतोय."

"मजा म्हून?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

गोठ्यातून त्यांचे मालक आले. आम्ही काय ते सांगितलं. त्यांनी बायकोला धरून ओट्यावर बसवलं आणि आम्हाला म्हणाले, "पोरगं फौजेत हाय. पल्याडच्या वाडीत मागल्या साली अशीच गाडी आली हुती, वाईट सांगावा घेऊन. ही गेली हुती त्या घरी. तवापास्नं हिरवी गाडी दिसली की हिला काय सुदरत न्हाई."

बाईंना पोराचा आवाज ऐकायचा होता. मालकांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. "ड्युटीवर आसल," ते म्हणाले आणि पुन्हा लावला. आम्हाला निघता येईना. पोरगं बोलेपर्यंत पाय उचलायची हिंमत नव्हती. कुणी आम्हाला बसा म्हणालं नाही, आम्हीही बसलो नाही. मी ती टोपी चुरगाळून खिशात कोंबायला बघत होतो आणि ती खिशात मावत नव्हती. शेणाने भरलेल्या त्यांच्या लुगड्याकडे बघवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. पोराचा आवाज येताच बाईंनी पदर तोंडाला लावला. काय घडलं ते बापाने सांगितलं. पलीकडून हसणं ऐकू आलं. "जोंगा? अजून चालतीय व्हय ती? द्या त्यांच्याकडं." फोन माझ्या हातात आला. त्याने गाड्यांची चौकशी केली, दोन्हींत कोणती बरी म्हणून विचारलं. त्याची आई माझ्याकडे बघत असताना मी कसंबसं म्हणालो, "जोंगा." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "साहेब, एक करा. परत तिकडं जाताना अशा गाड्या नेऊ नका."

निघताना बाईंनी चहा केला. नको म्हटलं तरी ऐकेनात. वर त्याच म्हणाल्या, "तुमाला उगं घोर लावला. मीच येडी." तो चहा मी कसा प्यालो, माझं मला माहीत.

वरची वाट तशीच सोडून आम्ही खाली आलो. पिरंगुटला मित्राने गाडी थांबवून विचारलं, "पुढच्या रविवारी दुसरीकडे बघू या का?" मी काम आहे म्हणालो.

त्याच आठवड्यात जिप्सी पांढरी करून घेतली. सोसायटीतले लोक हळहळतात, अस्सल लष्करी गाडीचा रुबाब घालवलास म्हणतात. हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, नियम आहे, असं मी सांगतो. ते खोटं नाही. नियम आधीही होताच, मग रंग आत्ताच का बदलला, हे मात्र कुणी विचारत नाही.