मुरुगनला मारायचा हक्क

तयार खुर्चीच्या पाठीवर अण्णा तळहाताचा जोरदार फटका मारायचे. सांधा कुरकुरला की म्हणायचे, "रडतेय. तोडा हिला." आणि दुसरं कुणी हलायच्या आत स्वतःच तिच्यावर कुऱ्हाड घालायचे.

मल्लेश्वरममध्ये आमच्या घराला लागूनच त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, कानडी. तापट माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण अण्णांचा हात जिभेच्या आधी धावायचा. एका गिऱ्हाइकानं सागवानी टेबलाला निळा ऑइलपेंट मागितला, तर त्याची कॉलर धरून त्याला रस्त्यावर नेऊन सोडलं.

सगळ्यात जास्त मार खाल्ला तो मुरुगननं, त्यांच्या तमिळ पॉलिशवाल्यानं. एकदा ओल्या पॉलिशवर बोटाचा ठसा राहिला म्हणून अण्णांनी पटाशी फेकली. मुरुगनचा कान फाटला. त्याला घेऊन दवाखान्यात धावले तेही अण्णाच, आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरवर ओरडले, "स्वल्प हळू! माणूस आहे तो, लाकूड नाही!"

एक्याण्णव साली कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं. तमिळ माणसं शोधत जमाव आमच्या रस्त्यावर आला. मी खिडकीतून पाहत होतो. सगळ्यांच्या पुढे, हातात लोखंडी सळई घेऊन, पलीकडच्या गल्लीतला स्कूटर मेकॅनिक होता.

अण्णा लाकूड तासायचा वाकस घेऊन दुकानाच्या दारात उभे राहिले. "तुझ्या लग्नाचा पलंग मी केलाय रे," ते त्याला म्हणाले. "घरी जा."

"मुरुगनला बाहेर काढा, अण्णा."

"त्याला मारायचं तर मी मारीन. दुसऱ्यानं हात लावायचा नाही."

सळई त्यांच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला खिडकीत ऐकू आला. अण्णांनी वाकस डाव्या हातात घेतला आणि एकाचा गुडघा फोडला. मग सगळेच त्यांच्यावर तुटून पडले. तेवढ्यात मुरुगन मागची भिंत चढून आमच्या परसात कोसळला. माझ्या बायकोनं त्याला न्हाणीघरात कोंडून बाहेरून कडी घातली. दुकानाला आग लावून जमाव पुढे सरकला, तेव्हा आम्ही अण्णांना ओढून आत आणलं. तोंड रक्तानं भरलेलं. "तो सुटला?" एवढंच त्यांनी विचारलं.

पोलिसांना त्यांनी कुणाचंच नाव सांगितलं नाही.

मनगट वाकडंच जुळलं. रंधा पुन्हा हातात धरता आला नाही. गावी, सेलमला गेलेला मुरुगन काही महिन्यांनी परतला. पुन्हा उभारलेल्या दुकानात अण्णा स्टुलावर बसून सांगायचे, मुरुगन कापायचा, ठोकायचा. चुकला की डाव्या हाताची थप्पड. त्यांचा हात पोचावा म्हणून तो जरा वाकायचा.

"डाव्यात जोर नाही, सार," तो मला हसून सांगायचा.

दशक सरता सरता अण्णा गेले. तिरडी उचलताना तो मेकॅनिकही खांदा द्यायला पुढे आला. मुरुगननं त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. तो पडला, उठला, ओठावरचं रक्त बाहीनं पुसलं आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. कुणी कुणाला आवरलं नाही.

मग मुरुगननं वाकून पुढचा बांबू खांद्यावर घेतला, आणि आम्ही निघालो.