भारद्वाज दिसला पाहिजे

गेल्या मंगळवारी सकाळी सात वाजता मी निघोज्यातल्या आमच्या बिल्डिंगमधून रोजच्यासारखा फिरायला निघालो. फरक एवढाच की सोबतीला खालच्या मजल्यावरची वर्षा होती. मूळची बीडकडची, गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. त्या दिवशी दहा वाजता तिची पर्मनंट होण्याची टेस्ट होती.

तिला भारद्वाज बघायचा होता. कामाला निघताना तो दिसला की काम होतं, असं तिची आई सांगायची म्हणे. मागच्या वर्षी याच टेस्टला तिचे हात थरथरले आणि वायरी भलतीकडेच बसल्या… या वेळी नापास झाली तर कॉन्ट्रॅक्टही संपणार होतं.

कंपन्यांच्या भिंतीमागून एक पायवाट उसाच्या बांधाने इंद्रायणीकडे उतरते. तिथल्या घाणेरीच्या जाळीत भारद्वाजाची एक जोडी असते. अंग काळं, पंख विटकरी, डोळे लाल, असं मी तिला चालता चालता सांगून ठेवलं.

एरवी या वाटेवर मी शाळेतल्या कविता पुटपुटत असतो. काल काय जेवलो ते आठवत नाही, पण पाचवीच्या पुस्तकातलं पान न् पान आठवतं… त्या कवितांत पाखरं कशी दर दुसऱ्या ओळीला हजर असायची. आमचा भारद्वाज काही येईना.

तारेवरचे वेडे राघू दाखवले. नदीवरचा खंड्या दाखवला. वर्षा प्रत्येकाला "छान हाय" म्हणायची आणि मोबाइलमध्ये वेळ बघायची. नऊला कंपनीची बस होती.

शेवटी परत फिरलो. वाटेतल्या कडुलिंबाखाली ती थबकली. वर पानांत एक काळाकुळकुळीत पक्षी बसला होता.

"काका, हाच ना? डोळे लाल हायेत बघा."

तो कोकीळ होता. पंखात विटकरी रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. सगळं जिभेवर आलं होतं… पण तिचा चेहरा बघितला आणि मी हो म्हणालो.

तिने चपला काढल्या, डोळे मिटून हात जोडले. मग जवळजवळ पळतच बस गाठायला गेली.

मी पन्नास पावलं चाललो नसेन, तोच जाळीतून खरा भारद्वाज वाटेवर उतरला. चोचीत सरडा, चाल एखाद्या जुन्या हेडमास्तरांसारखी सावकाश… माझ्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. मला इतकी लाज वाटली की मी फोटोसाठी मोबाइलसुद्धा बाहेर काढला नाही.

दिवसभर चैन नव्हती. संध्याकाळी बेल वाजली, दारात वर्षा. हात थरथरले नाहीत, सगळ्यांत आधी वायरिंग पूर्ण झालं, सुपरवायझरने तिथल्या तिथे पास म्हणून सांगितलं… एका दमात सगळं सांगून झालं. आणि म्हणाली, शुक्रवारी मैत्रिणीची टेस्ट आहे, तिलाही त्याच लिंबाखाली घेऊन चला.

आता मात्र गप्प राहणं जमेना. खरं काय ते सांगून टाकलं.

ती आधी हसली. "म्हंजे मी कोकिळाला हात जोडले व्हय!" मग चौकटीला टेकून स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. बोटांना दिवसभर वायरींना गुंडाळलेल्या टेपचा चिकटा तसाच होता.

"मग काका," ती हळूच म्हणाली, "हे माझं मीच केलं की."

शुक्रवारी दोघी येणार आहेत. जे दिसेल ते बघू, असा निरोप आलाय. माझ्या खोट्यातून त्या पोरीने किती खरी गोष्ट शोधून काढली… त्या वेळी तिचे आभार मानायला मला सुचलंच नाही, म्हणून इथे लिहितोय.