शिवगंगाबाईंचे खेकडे

बहात्तरच्या दुष्काळात मांजरा नदीच्या कोरड्या पात्रात एक तरुण बाई कुदळ घेऊन खेकड्यांची बिळं उकरायची. जवळच रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहायच्या. लिंगायताच्या घरची पोर, कॉलेजात शिकवणारी, आणि खेकडे?

शिवगंगा लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी.साठी खेकड्याच्या मेंदूवर काम करायची. आई, शरणम्मा, तिला दारातच अडवायची. "तसले जीव हाताळून येतीस, वर आंघोळीला पाणी मागतीस. पाणी हाय कुठं?" मग शिवगंगा ओल्या फडक्यानं हात पुसायची आणि बाहेर ओट्यावरच बसून जेवायची.

पाऊस नसताना खेकडा महिनोन्‌महिने बिळात तग कसा धरतो, हे तिला शोधायचं होतं. मेंदूचे पातळ काप काचपट्ट्यांवर घेऊन, ते रंगवून ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसे. मेंदूतल्या काही पेशी एक स्राव तयार करतात. दुष्काळी खेकड्यात तो बाहेर पडतच नव्हता, पेशी त्यानं गच्च भरल्या होत्या. खेकडा ओल्या चिखलात सोडला की त्या मोकळ्या होत. म्हणजे पेशी जिवंत होत्या, नुसत्या थांबल्या होत्या.

तिचे मार्गदर्शक डॉ. अण्णाराव मूळ नांदेडचे, विद्यापीठात विभागप्रमुख. त्यांनी काप पाहिले आणि म्हणाले, "फुगून मेल्यात ह्या पेशी."

"मेल्या असत्या तर पाणी मिळाल्यावर रिकाम्या कशा झाल्या असत्या, सर?"

"तू अजून शिकतीयेस, शिवगंगा." काचपट्ट्या आणि तिनं काढलेल्या आकृत्या त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतल्या.

वर्षभरानं एका परदेशी नियतकालिकात शोधनिबंध आला. आकृत्या तिच्या, खेकडे तिचे, नाव एकट्या सरांचं. शेवटी काचपट्ट्या करायला मदत केल्याबद्दल तिचे आभार मानले होते. आणि निष्कर्ष काय, तर दुष्काळात ह्या पेशी मरतात!

ती तडक त्यांच्याकडे गेली. "सर, हे काम माझं आहे. आणि निष्कर्ष चूक आहे."

"तुझ्या नावानं कुणी छापलं असतं का?" ते शांतपणे म्हणाले. "पदवी मिळून जाईल. जा."

पदवी मिळाली. पण कुणाच्या निबंधाचा आधार जगात कुणी-कुणी घेतला, याची नोंद ठेवणारे जाडजूड ग्रंथ हैदराबादच्या एका ग्रंथालयात होते. तिथं गेली की ती अण्णारावांचं नाव काढून बघे. खालची रांग दरसाल वाढलेली असे. जर्मनी, जपान, अमेरिका, सगळे मानानं त्यांचा हवाला देत होते आणि सगळे तीच चूक पुढं नेत होते. तिचं डोकं भणभणायचं. चोरलं, तेही धड नाही!

ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. जिकडंतिकडं कमानी आणि सत्कार. अण्णारावांचं जगभर गाजलेलं काम इथल्याच नदीवर झालं, म्हणून कॉलेजनं त्यांचा सत्कार ठरवला. प्राचार्य महादेवप्पांनी पाहुण्यांची ओळख करून द्यायला शिवगंगाबाईंनाच सांगितलं. त्या उठल्या, माईक धरला.

"ज्या कामासाठी हा सत्कार आहे ते मी केलं. सरांनी त्यात एकच भर घातली, ती चुकीची."

अण्णाराव हसत उठले. "पोरीचा राग समजू शकतो. पण नाव कुणाचं का होईना, लातूरचंच झालं ना?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली उतरल्यावर महादेवप्पा चिडून म्हणाले, "बाई, असल्या शुभ दिवशी तमाशा लावलात!"

"तमाशा मी लावला?" एवढंच बोलून त्या भर सभेतून निघून गेल्या.

काही वर्षांनी पावसानं पुन्हा पाठ फिरवली तेव्हा त्या परत पात्रात उतरल्या. सगळं नव्यानं केलं. या वेळी हैदराबादेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे फोटो काढून घेतले. जिवंत पेशीच्या सगळ्या खुणा त्यात लख्ख होत्या. निबंध फक्त स्वतःच्या नावानं पाठवला. दोन ठिकाणांहून तो परत आला. एकानं कारण दिलं, की हा निष्कर्ष अण्णारावांच्या मान्यताप्राप्त कामाशी जुळत नाही. तिसऱ्या ठिकाणी, एका लहानशा नियतकालिकात, तो छापला गेला.

पुढं एका जपानी संशोधकानं स्वतः पडताळून लिहिलं: पेशी मरतात हे अण्णारावांचं म्हणणं टिकत नाही, शिवगंगा यांचं बरोबर आहे. हळूहळू आणखी काही जण तसं लिहू लागले. जुन्या निबंधाचा हवाला मात्र काही केल्या थांबला नाही.

तो जपानी लेख घेऊन त्या नांदेडला गेल्या. अण्णाराव निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं आणि ते परत सरकवलं.

"झालं समाधान?"

"न्हाई," शिवगंगाबाई म्हणाल्या. "जिथं छापलं होतं तिथं तुमच्या सहीनं लिहून पाठवा, काम कुणाचं ते."

"या वयात मला खाली मान घालायला लावतीस?"

"मी तिशीत घातली होती, सर."

त्यांनी लिहिलं नाही. शिवगंगाबाई दुपारच्या एसटीनं लातूरला परतल्या, आणि त्यांचा राग पुढं कधीच निवला नाही.