पाणी भरपूर आहे असे धरा

अख्ख्या परभणी जिल्ह्यात आमच्या साडूंइतका निरुपयोगी हुशार माणूस दुसरा नाही. असलाच, तर तो त्यांनीच शिकवलेला असणार. पाथरीला रसायनशास्त्र शिकवून रिटायर झाले, पण खडू काही हातातून सुटला नाही. ताट पुढे आलं की कालवणाच्या वाटीकडे बघून जाहीर करणार, "दोन भाकरीला हे पुरत न्हाई. कालवण आधी संपणार, अर्धी भाकर उरणार." आणि उरायचीच, कारण तेवढी ते मुद्दाम ठेवायचे. एकदा खच्चून भरलेल्या जीपमध्ये ओरडले, "दहाची जागा, वीस माणसं! आधी दोन्ही बाजू समान करा!" ड्रायव्हरनं त्यांना उतरवून सुरुवात केली.

असल्या माणसाच्या हाती मी पोटची पोरगी दिली. करता काय? बारावीला ती एकट्या रसायनशास्त्रात नापास झालेली, फेरपरीक्षा तोंडावर, आणि तीही गेली तर फार्मसीचा प्रवेश गेलाच. दर रविवारी साडू झरीला आमच्या ओसरीवर हजर. "दहा ग्रॅम हायड्रोजन, चाळीस ग्रॅम ऑक्सिजन. पाणी होताना आधी काय संपंल?" पोरगी म्हणायची, "हायड्रोजन. कमीच हाय की त्यो." "अगं, वजन काय बघायलीस! मोल काढ आधी, मोल!" पोरगी रडायची, साडू कपाळ बडवायचे आणि त्या गोंधळात आमची म्हैस पान्हा चोरायची. महिनाभर घरात ना दूध, ना मोल.

परीक्षा आठवड्यावर आली आणि घरात पुतण्याचं जावळ निघालं. साडूंनी आचाऱ्याला बाजूला सारून सामानाची वही स्वतःकडं घेतली. पीठ इतकं, डाळ इतकी. "तेल आधी संपंल," म्हणून एक डबा जादा आणवला. दुसरी पंगत बसली आणि टँकर कोरडा! दोनशे पाव्हणे एका सुरात उचक्या द्यायला लागले. एकाच्या घशात पुरी अशी बसली की आवाजच फुटेना. त्याच्या बायकोनं साडूंचे आभार मानले.

मी त्यांच्या अंगावर जाणार, तोच पोरीनं वही हिसकावली. "काका, हे काय लिवलंय? 'पाणी भरपूर आहे असे धरा'! परभणीत? पाऊस न पडलेल्या जूनमधी? जे लय दिसायलंय तेच आधी संपलं की!" बोलता बोलता ती थांबली. "म्हंजे... ऑक्सिजन. चाळीस ग्रॅम असून बी त्योच आधी संपतो. हायड्रोजनच्या पाच मोलांना त्यो अडीच मोल लागतो, अन् भरतोय सव्वाच!"

तहानेनं व्याकूळ पंगतीच्या मधोमध हा माणूस टाळ्या पिटत नाचला. "कळलं हिला! अहो, कळलं!" त्या क्षणी त्यांना टँकरच्या चाकाखाली घालावं असं मला मनापासून वाटलं.

निकाल लागला, तेव्हा पोरीनं पहिला फोन मला नाही, त्यांना केला. मी तणतणत एसटीनं पाथरी गाठली. साडू ओट्यावर एकटेच बसले होते, चष्मा हातात, डोळे लाल. त्यांना मूलबाळ नाही. मला बघून कसेबसे म्हणाले, "साडूभाऊ, माझी पोरगी पास झाली."

जन्मभर त्या माणसाच्या चुका काढल्या मी. ही एवढी काढली नाही.