चार हजार आठ रुपये जादा

रविवार, १४ मे २००६, सकाळचे सव्वादहा. मुरबाडला व्याह्यांच्या ओट्यावर मी पाऊल ठेवले तेव्हा ते दारातच उभे होते. 'या, बसा' म्हणण्याच्या आधी त्यांनी सांगितले, "मास्तर, बँकेनं घोळ घातलाय. पैसे जास्त दिलेत." जास्त पैसे मिळाले म्हणून तीन दिवस अन्न गोड न लागलेला मनुष्य अख्ख्या ठाणे जिल्ह्यात हा एकच.

माझी मुलगी त्यांच्या घरी दिली आहे. आम्हा दोघांत मिळून नात एकच. यातले 'मिळून' फक्त बोलण्यापुरते होते. ती सोळा वर्षे त्यांच्या घरात वाढली. शहापूरला माझ्या वाट्याला दिवाळीचे चार दिवस आणि मे महिन्याचे आठ. दहावीची परीक्षा झाल्यावर त्या वर्षी ते आठही आले नाहीत, कारण मुरबाडच्या घरात संगणक आला होता. मला व्याह्यांचा मत्सर वाटत असे. त्या काळी कबूल केले नसते, आज लिहून ठेवतो.

व्याह्यांची सारी नोकरी धरणावर पाण्याची पातळी मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर धरण सुटले, मोजणे सुटले नाही. तांदळाच्या कणगीत ते रोज सकाळी खुणा केलेली बांबूची काठी घालीत आणि चुलीपाशी जाऊन सुनेला सांगत, "अर्धं बोट उतरलाय. काल पावना कोन आलता?" लोणच्याच्या बरणीवर त्यांनी बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली होती. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाच्या आधी आडात दोर सोडून आले आणि म्हणाले, "तुमचं पानी मार्चपातुर पुरंल. पुढं माझ्याकडं या." पाणी त्या वर्षी एप्रिलपर्यंत पुरले, हे मी त्यांना पत्राने कळवले होते. त्यांनी उलटटपाली विचारले, एप्रिलची कितवी तारीख.

अशा माणसाच्या हाती त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या जावयाने, घरखर्चाचा हिशेब ठेवण्याचे सॉफ्टवेअर दिले. ते इंग्रजीत होते. नात वाचून अर्थ सांगे, हे हुकूम देत. मी पस्तीस वर्षे गणित शिकवले. माझ्या नातीने बेरीज-वजाबाकीसाठी जोडीदार निवडला तो सातवी पास. दुधाचा, विजेचा, किराण्याचा हिशेब भरून झाल्यावर व्याह्यांची नजर तिच्या कॉलेजच्या खात्यावर गेली. हे खाते तिच्या नावाने मुरबाडच्या बँकेत होते. तिथल्या कारकुनाला चार दिवस गळ घालून त्यांनी बँकेत संगणक आल्यापासूनच्या आठ वर्षांचे सारे व्यवहार फ्लॉपीत भरून आणले आणि एकदम आत घेतले. आत घेतल्यावर शिल्लक जुळेना. बँकेत होते त्याहून घरच्या संगणकात चार हजार आठ रुपये कमी.

"यंत्रानं दर वर्साला एकदा विचारलं," ते मला खुर्चीवर बसवून सांगू लागले. "तारीख तीच, रक्कम तीच, नोंद दुबार दिसते, वगळू का? मी म्हनलं वगळ. धरनावर कोनी एकच पातळी दोनदा लिवली तर समजायचं, झोपला होता."

"मी म्हटलेलं, आधी बाबांना विचारू," नात म्हणाली.

"बाबा काय सांगनार? पाच फेब्रुवारीला पाचशे एक मी स्वता भरतो. एकदाच भरतो. बँकेनं दोनदा जमा धरले. परवा त्यांना सांगाया गेलो तर म्हनतात, पासबुक बरोबर हाय, घरी जावा."

पाच फेब्रुवारी हा नातीचा वाढदिवस. पाचशेवर शकुनाचा एक रुपया ठेवण्याची रीत त्यांच्याकडे आहे, तशी आमच्याकडेही आहे. त्या दिवशी सकाळची गाडी धरून मी मुरबाडला येत असे, बँकेसमोरच्या हॉटेलात बसत असे, व्याही पैसे भरून पेढ्यांच्या दुकानाकडे वळले की आत जाऊन पाचशे एक भरत असे आणि तसाच परत फिरत असे. दिलेले सांगू नये, असे मी स्वतःला समजावीत होतो. खरे कारण असे की, पेढे वाटणाऱ्या माणसाच्या मागे दुसरा देणारा म्हणून मला उभे राहायचे नव्हते.

व्याह्यांनी फोनवर तफावत सांगितली तेव्हाच मी तिला आठाने भागले होते. बँकेच्या शिक्क्यांच्या आठही पावत्या खिशात घालून आलो होतो. तरी बोललो नाही. कोणीतरी विचारावे, अशी इच्छा होती.

व्याह्यांनी पैसे काढण्याची स्लिप पुढे ठेवली. चार हजार आठचा आकडा लिहून झाला होता. पालक म्हणून जावयाची सहीही झाली होती. "उद्या काढतो. बँक परत घेत नसंल तर मारुतीच्या पेटीत टाकतो. पोरीच्या खात्यात परक्याचा पैसा नको."

"परक्याचा नाही," मी म्हणालो.

"मग कोनाचा?"

"माझा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "पावती हाय?"

मी आठही टेबलावर ठेवल्या. त्यांनी प्रत्येकीची तारीख बोट ठेवून तपासली, स्लिप फाडली आणि नातीला म्हणाले, "लिव."

तिने एकेक नोंद हाताने भरली. पैसे कोणाकडून आले, असा एक रकाना होता. ती मला नाना म्हणते; तिथे तिने आठ वेळा 'नाना' लिहिले. शिल्लक जुळली. व्याह्यांचा चेहरा तीन दिवसांनी सैल झाला. "पुढच्या वर्साला तुमी पाचशे दोन भरा, मास्तर. म्हंजे यंत्राचा गोंधळ नाय."

"तुम्ही भरा पाचशे दोन."

"मी कशापाय? मी आधी येतो."

नात हसली नाही. ती पावत्यांकडे पाहत होती. "नाना, तुमी दर वाढदिवसाला मुरबाडला आलात. आठ वेळा. आन् घरी नाय आलात?"

पस्तीस वर्षांत वर्गात असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पैसे पोचले होते. आजोबा पोचला नव्हता, आणि ती तफावत भरून काढायला माझ्याकडे पावती नव्हती.

"घरी कसे येतील?" व्याही संगणक बंद करीत म्हणाले. "फेब्रुवारीत साडेअकराची गाडी चुकली की शापूरला दुसरी गाडीच नाय."

मुरबाडहून शहापूरला गाड्या बाराही महिने दिवसभर असतात. त्यांचे वेळापत्रक व्याह्यांना मिनिटासकट पाठ होते. त्यांच्या तोंडून चुकीचा आकडा मी आयुष्यात तो एकदाच ऐकला.

नातीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "बरं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी स्टँडवर येऊन थांबीन."

जेवण झाले. साडेतीनच्या गाडीला गर्दी होती. व्याही फलाटावरून धावत पुढे गेले आणि खिडकीतून आपला रुमाल टाकून त्यांनी माझी जागा धरली. आत चढून मी बसलो तेव्हा ते खाली उभे राहून गाडी किती मिनिटे उशिरा सुटते ते घड्याळात पाहत होते. रुमाल परत द्यायचे राहून गेले.

घरी पोचल्यावर आडाच्या तळाशी उरले होते त्यातले एक बादली पाणी काढले, रुमाल साबण लावून धुतला आणि दोरीवर वाळत घातला.