दादाने फोडलेला शेवट

दादाने माझा गेमचा कन्सोल त्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी देऊन टाकला, तेव्हा मी कामावर होते. संध्याकाळी परळच्या घरी आले तर टीव्हीखाली नुसत्या वायरी.

"पस्तिशीची बाई आणि गेम खेळते," तो म्हणाला. "लोक हसतात."

"कोण लोक?"

"सगळे."

सगळे म्हणजे तो आणि वहिनी. आईबाबा गेल्यापासून त्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच होतो.

त्याला वाटायचं मी बंदुका चालवते. माझ्या गेममध्ये कुणी मरायचं नाही. एखादं ओसाड बेट असायचं, बंद दारं असायची, आणि पुढे काय आहे ते आपलं आपण चालत जाऊन बघायचं. दिवसभर साहेबांच्या मागे धावून आल्यावर मला तेवढंच हवं असायचं.

मी खूप भांडले. कन्सोल काही परत आला नाही. मग दादरच्या एका लायब्ररीत नाव घातलं आणि तिथल्या बाईंना विचारलं, "कुणीतरी एकटंच कुठेतरी शिरतं आणि नुसतं बघत जातं, असं पुस्तक आहे?"

"प्रवासवर्णन?"

"नाही. जागा खोटी हवी."

त्यांनी वैतागून मागच्या कपाटाकडे बोट केलं. तिथे ती कादंबरी सापडली. धरणात बुडालेलं गाव उन्हाळ्यात उघडं पडतं आणि एक बाई त्यात घरोघर फिरते. एका घरात मिळालेली किल्ली भलत्याच घराला लागते. वाचताना माझे अंगठे आपोआप हलायचे.

रोज एकच घर, असं मी पुरवून पुरवून वाचत होते. वहिनीने ते हेरलं आणि दादाच्या कानावर घातलं असणार. रविवारी जेवताना त्याने पुस्तक ओढलं, शेवटचं पान उघडलं आणि मोठ्याने म्हणाला, "शेवटच्या खोलीत काही नाहीये. रिकामी आहे. सुटलीस!"

वहिनी फिसकन हसली. मी उठले आणि माझं ताट कालवणासकट मोरीत उपडं केलं.

"अन्नाचा माज आलाय?"

"हो, आलाय."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पुस्तक परत करायला निघाले, पण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसले आणि रागारागात उरलेली घरं एका दमात वाचून काढली. खोली खरंच रिकामी होती. त्या बाईने दार ढकललं, तर भिंतीवर पाण्याच्या खुणा, एकीवर एक, आणि सगळ्यात वरची तिच्या डोक्याच्याही वर. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. दादाने वाचलं ते बरोबरच होतं. आधीच्या घरांतून तो फिरला नव्हता, म्हणून त्याला तिथे काही दिसलं नाही.

हे मी त्याला सांगितलं नाही. समजावून सांगण्याइतकी माया उरली नव्हती.

पुढच्याच महिन्यात शीवला एका बाईंकडे खोली घेतली. सामान काढताना वहिनी दारात आली. "ते गावाचं पुस्तक कुठलं गं? मलाही वाचायचंय."

"कशाला? शेवट माहितीये ना तुला," म्हटलं आणि टॅक्सीत बसले.

भाऊबीजेला सकाळीच दादाचा फोन आला.

"येतेस ना ओवाळायला?"

"नाही."

"अजून तेच धरून बसलीस? एका पुस्तकासाठी?"

"हो."

त्याने फोन ठेवला. मी चहा टाकला आणि लायब्ररीतून आणलेलं नवं पुस्तक उघडलं. त्यातली माणसं नुकतीच एका गुहेत उतरत होती.